आधी कॉईल मोजा, मग किट मागवा

प्रश्न: आमच्याकडे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, वडिलांनी नवी घेतलेली. आम्ही साताऱ्यात राहतो. गाडी महिन्यातून दोन-तीनदा बाहेर निघते, त्यात पुण्याची एखादी फेरी असते. गेले दोन उन्हाळे परतीच्या वाटेवर खंबाटकी चढताना ती मिसिंग मारायला लागते आणि वरच्या वळणांवर बंद पडते. बोनेट उघडून अर्धा तास उभी केली की काही झालंच नाही अशी चालू होते. मिस्त्रींनी वर्षभरात तीनदा पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. पुण्याचा भाचा म्हणतो, "मामा, पॉइंट काढून टाक, इलेक्ट्रॉनिक किट बसव, मी बाहेरून मागवतो." मिस्त्री म्हणतात, पॉइंट राहू देत, शेजारी ट्रान्झिस्टरचा डबा लावून देतो. वडील म्हणतात, चाळीस वर्षं गाडी पॉइंटवर चालली, कुणी हात लावायचा नाही. कुणाचं ऐकू? इलेक्ट्रॉनिक केल्यावर गाडी 'ओरिजिनल' राहत नाही का? आणि जाता जाता, घरात एक जुनी चेतकही आहे. तिला हेच किट चालेल का?
– पद्मिनीवाला, सातारा

नमस्कार,

भाच्याला सांगा, ऑर्डर पंधरा दिवस थांबव. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. तुमच्या गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं असंच माझंही मत आहे. पण आहे त्या अवस्थेत बसवलंत तर पुढच्या एप्रिलात तुम्ही त्याच वळणावर उभे असाल, आणि तेव्हा रस्त्यात घासूनपुसून चालू करण्यासारखंही काही हाताशी नसेल.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. गाडी गरम झाल्यावर बंद पडते ही एक, आणि वर्षात तीन वेळा पॉइंट, म्हणजे कॉईलचा करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं, खाते ही दुसरी. मिस्त्रींनी दोन्हींचं खापर पॉइंटवर फोडलं आणि भाच्याने ते खरं मानलं. कदाचित दोन्हींचं मूळ एकच निघेल, कदाचित पहिलीचा इग्निशनशी काडीचाही संबंध नसेल. ते अंदाजाने ठरवू नका, बघून ठरवा.

आधी घाटातलं बघू. जाताना तुम्ही बोगद्यातून निघता, येताना जुना घाट चढता, म्हणून तक्रार नेहमी परतीचीच. १०८९ सीसीचं इंजिन, भर दुपार, पुढे ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आणि रेडिएटरला वारा नाही. पद्मिनीचा पेट्रोल पंप यांत्रिक, इंजिनलाच बोल्ट केलेला, म्हणजे इंजिनची सगळी धग तो खातो. पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ धरली की पंप नुसता वाफ दाबत बसतो आणि कार्ब्युरेटर उपाशी राहतो. याला व्हेपर लॉक म्हणतात. लक्षण अगदी तुम्ही लिहिलंय तेच: आधी मिसिंग, मग बंद, थंड झाली की चालू. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यामुळे जुन्या गाड्यांत हा त्रास आणखी वाढतो. शिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा कुरतडतं ते वेगळंच.

पण गरम झालेली कॉईल (बॅटरीच्या बारा व्होल्टचे ठिणगीपुरते हजारो व्होल्ट करणारा डबा) आणि गरम झालेला, पॉइंटला जोडलेला कंडेन्सरही हुबेहूब हेच लक्षण दाखवतात. आत कुठेतरी तार किंवा इन्सुलेशन कमजोर झालेलं असतं, तापलं की करंट सोडतं, निवलं की पुन्हा शहाणं होतं. म्हणून पुढच्या वेळी गाडी बंद पडेल तेव्हा चहाच्या टपरीकडे वळू नका. ती पहिली पाच मिनिटं फार मोलाची असतात, नंतर पुरावा निवून जातो.

डिकीत एक चांगला प्लग ठेवा. गाडी बंद पडली की कुठल्याही एका प्लगची वायर काढून या जादा प्लगला लावा आणि प्लगचं लोखंडी अंग इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या जागेला नीट टेकवून ठेवा. वायर हाताने धरू नका, इन्सुलेशनची पक्कड वापरा. आजूबाजूला पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग करायचाच नाही. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, जाड, 'टक-टक' ऐकू येणारी ठिणगी उडाली तर इग्निशन निर्दोष आहे. मग पंपावर ओलं फडकं टाका. अर्ध्या तासाऐवजी पाच मिनिटांत गाडी उठली तर व्हेपर लॉक नक्की. त्यावर उपाय म्हणजे पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या नळीपासून लांब घेणं, पंप आणि इंजिन यांच्यामधलं उष्णता अडवणारं जाड पॅकिंग जागेवर आहे का बघणं आणि रेडिएटर साफ करून घेणं. जगातलं सगळ्यात महाग इलेक्ट्रॉनिक किट यातलं काहीच करणार नाही.

ठिणगी पिवळट-नारिंगी, बारीक, मधूनमधून गळणारी असेल किंवा नसेलच, तर मात्र इग्निशन. मग पुढचं वाचा.

मिस्त्रींनी काढलेले जुने पॉइंट फेकले नसतील तर मागून घ्या आणि उन्हात धरून नीट बघा. दोन्ही टोकं निळी-काळी पडलेली, भाजल्यासारखी असतील तर त्यांतून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेला आहे. एका टोकावर खड्डा आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा असेल तर कंडेन्सर त्या गाडीच्या मापाचा नव्हता किंवा बोगस होता. वर काळसर तेलकट थर असेल तर कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यांवर) ग्रीस जास्त झालं आहे किंवा खालून शाफ्टच्या कडेने तेल चढतंय. आणि टोकं चकचकीत, पण पट्टीवरची फायबरची टाच झिजून बसलेली असेल, तर कॅम कोरडा चालला. टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे जातं. गाडी चढाला दम तोडते आणि जास्त तापते. म्हणजे पॉइंट बघूनच निम्मं निदान होतं. पण आपल्याकडे नवे पॉइंट बसले की जुने त्याच क्षणी बादलीत जातात.

माझा संशय पहिल्यावर आहे, भाजलेल्या पॉइंटवर. कारण सांगतो. चावी लावली आणि पॉइंट मिटलेले असले की बॅटरीचा करंट कॉईलच्या आतल्या जाड तारेच्या वेढ्यातून पॉइंटमधून अर्थला जातो. पॉइंट उघडले की तो तुटतो, कॉईलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या, बारीक तारेच्या वेढ्यात हजारो व्होल्ट उठतात. तीच प्लगची ठिणगी. चार्ल्स केटरिंगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेली ही रचना तुमच्या पद्मिनीत जशीच्या तशी आहे. मधला कंडेन्सर पॉइंट उघडताना तिथे होणारा जाळ गिळतो. इंजिन ३००० आरपीएमवर असताना चार सिलिंडरच्या गाडीत हे सगळं सेकंदाला शंभर वेळा घडतं.

आता साध्या बारा व्होल्टच्या कॉईलच्या प्राथमिक वेढ्याचा रोध साधारण ३ ओहम असतो. म्हणजे पॉइंटमधून चारेक अँपिअर जातात, तेवढे त्यांना झेपतात. पण बाजारात दुसऱ्या जातीची कॉईलही मिळते, साधारण १.५ ओहमची. ती बाहेर एक बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा रोध, जोडून चालवायची असते. दिसायला दोन्ही सारख्याच, तोच ॲल्युमिनियमचा डबा. दुकानदाराने हाती दिली ती मिस्त्रींनी बसवली आणि बॅलास्ट लावलाच नाही, तर करंट दुप्पट होतो. सुरुवातीला ठिणगी झकास पडते, गाडी चालूही छान होते, सगळे खूश. मग पॉइंट दोन-चार महिन्यांत भाजतात आणि कॉईल इतकी तापते की हात ठेववत नाही. तुमच्या दोन्ही तक्रारी या एका चुकीतून निघू शकतात. पत्रात कॉईल कधी बदलली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण चाळीस वर्षांत ती एकदाही बदलली नसेल असं मला वाटत नाही.

मोजायला दोन मिनिटं लागतात. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि २०० ओहमवर ठेवा. आधी त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. स्वस्त मीटर तिथेच ०.३-०.४ दाखवतं, तेवढं नंतर वजा करायचं. कॉईलच्या दोन्ही बारीक वायरी काढा आणि त्या दोन टोकांमध्ये मोजा. जुन्या लुकास कॉईलवर या टोकांना एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असतं, पहिलं चावीकडचं, दुसरं डिस्ट्रिब्यूटरकडचं, म्हणजे पॉइंट ज्याच्या आत असतात आणि जो प्लगांना ठिणगी वाटतो त्याच्याकडचं. तीनच्या आसपास आलं तर कॉईल मापाची आहे. दीड आलं तर चोर सापडला. गाडी तापल्यावर पुन्हा एकदा मोजा. तार तापली की आकडा थोडा वाढतोच, पण तो भलताच उडाला किंवा सर्किटच तुटलेलं दिसलं तर कॉईल आतून गेली आहे.

मीटर हातात आहेच तर आणखी एक बघा. पॉइंट मिटलेले असताना चावी लावून डिस्ट्रिब्यूटरच्या टोकाला आणि बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर लावा, व्होल्टवर. पाव व्होल्टच्या आत आलं पाहिजे. जास्त आलं तर पॉइंट घाण आहेत किंवा अर्थिंग ढिलं आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या आत, पॉइंट बसतात त्या प्लेटपासून बाहेरच्या अंगापर्यंत एक कापडी वेष्टनाची लवचिक वायर असते. प्लेट सतत हलत असल्याने ती वर्षानुवर्षं वाकून आतून तुटते आणि बाहेरून शाबूत दिसते. या एका वायरपायी लोकांनी दोन-दोन कार्ब्युरेटर उघडल्याचं मी बघितलंय.

डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढलेली असतानाच रोटर (वरचा फिरता, ठिणगी वाटणारा तुकडा) धरून शाफ्ट आडवा हलवून बघा. हाताला खडखड लागली तर शाफ्ट ज्यांत फिरतो ते बुश गेले आहेत. मग पॉइंटचा गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा पडतो आणि कितीही सेट केलं तरी टायमिंग नाचत राहतं. पद्मिनीचा गॅप ०.४ ते ०.५ मिमीच्या दरम्यान ठेवतात. इथे हॅक्सॉचं पातं घालून गॅप मारणारे मिस्त्री अजून आहेत. ते पातं ०.६ मिमीच्या वर असतं. प्लगला ते चालून जातं, पॉइंटला नाही. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे सरकतं, कॉईलला भरायला वेळ कमी मिळतो. शंभर-दीडशे रुपयांचं फिलर गेज घ्या आणि मिस्त्रींना भेट द्या. ते रागावणार नाहीत.

कंडेन्सरबद्दल थोडं. नाना पेठेत किंवा कुर्ल्याला 'जुना ओरिजिनल माल' म्हणून खोक्यात मिळणारा कंडेन्सर हौसेने घेऊ नका. आत कागद आणि पत्रा गुंडाळलेला असतो, तो न वापरताही खोक्यात पडूनच खराब होतो. नव्या मालाचीही खात्री राहिलेली नाही, त्याला कारण आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी जगवली होती, त्यांच्या खपावर सुट्या भागांचा बाजार चालायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाला खराब माल दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या तोंडावर आणून टाकायचा. महिन्यातून दोनदा गाडी काढणारा आपल्यासारखा गिऱ्हाईक तेवढा भांडत नाही. पॉइंट काढून टाकावेत असं मला वाटण्याचं खरं कारण हेच आहे. मुळात ही रचना वाईट नाही, पण तिला लागणारा चांगला माल आता सहजी मिळत नाही.

आता किटकडे वळू.

मिस्त्री म्हणतात तो ट्रान्झिस्टरचा डबा खुळचट नाही. त्यात पॉइंट राहतात, पण कॉईलचा जड करंट ट्रान्झिस्टर तोडतो, पॉइंटमधून नुसता इशाऱ्यापुरता करंट जातो. पॉइंट भाजायचं थांबतं, कंडेन्सर लागत नाही, आणि डबा गेला तर कंडेन्सर लावून दोन वायरी बदलल्या की गाडी पुन्हा पूर्वीसारखी. पण टाच झिजणं, गॅप बदलणं, ढिल्या बुशमुळे टायमिंग नाचणं हे सगळं तसंच राहतं. डबा कुणी बनवला, आत काय घातलं, तो तापल्यावर किती टिकतो हे कुणी सांगणार नाही. मिस्त्रींनी स्वतः दुसऱ्या गाडीवर लावून एक उन्हाळा काढला असेल तर विचार करा, नाहीतर नको.

भाचा म्हणतो ते बहुधा हॉल सेन्सरचं मॉड्यूल असावं. कॅपच्या आत, पॉइंटच्या जागी काळ्या रेझिनमध्ये बंद केलेला तुकडा बसतो आणि रोटरखाली कॅमवर चार चुंबकांची कडी. चुंबक समोरून गेलं की सेन्सर कॉईलचा करंट तोडतो. एकमेकांवर घासणारं काही नाही, गॅप बदलत नाही, टायमिंग एकदा लावलं की जागचं हलत नाही. अमेरिकेत क्रायस्लरने १९७३ पासून सगळ्या गाड्यांना बिनपॉइंटचं इग्निशन दिलं, म्हणजे तंत्र काही कालचं नाही. तुमच्यासाठी मी हेच निवडेन.

फक्त मागवताना गाडीचं नाव बघून मागवू नका. असली मॉड्यूल गाडीसाठी नाही, डिस्ट्रिब्यूटरसाठी बनलेली असतात. पद्मिनीवर मूळचा कुठला होता यापेक्षा तुमच्या गाडीवर आज कुठला आहे हे महत्त्वाचं, कारण चाळीस वर्षांत तोही बदललेला असू शकतो. अंग पुसून त्यावरचा ठसा वाचा, फोटो काढा, कॅमची जाडी आणि रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते टिपून घ्या, मग विक्रेत्याला विचारा. लुकासच्या २५डी, ४५डी घराण्यातल्या डिस्ट्रिब्यूटरना भरपूर पर्याय आहेत, इतरांना कमी. कुणी "मारुती आठशेचा डिस्ट्रिब्यूटर जुगाड करून देतो" म्हणालं तर हात जोडा. ते तीन सिलिंडरचं इंजिन आहे.

हजार गोष्टी प्रोग्राम करता येणारे अख्खे डिस्ट्रिब्यूटरही बाहेर मिळतात, डच कंपनीचे वगैरे. सुंदर काम असतं. महिन्यातून एखादी पुण्याची फेरी मारणाऱ्या पद्मिनीला त्याची गरज नाही.

बसवण्यापूर्वी बुशची खडखड काढून घ्या, ती मॉड्यूललाही बाधते, फक्त कमी. कॅपखाली सेंट्रिफ्यूगल ॲडव्हान्सची, म्हणजे वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी, वजनं आणि स्प्रिंग असतात. बहुतेक गाड्यांत ती वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलीच नसतात आणि गंजून एका जागी अडकलेली असतात. रोटर हाताने फिरवून सोडला की तो सुळकन परत आला पाहिजे. नाही आला तर तुमचं टायमिंग वेगाबरोबर पुढे जातच नाही, आणि ही तक्रारही लोक पॉइंटच्या नावावर खपवतात.

प्लगच्या वायरी बदला. जुन्या, आत नुसती तांब्याची तार असलेल्या वायरी रेडिओत खरखर करतात ती याच कारणाने, आणि तीच खरखर हॉल सेन्सरला चकवते. कार्बनच्या किंवा सिलिकॉनच्या रोध असलेल्या वायरी घ्या. कॉईल मॉड्यूलवाल्याने सांगितलेल्या ओहमचीच हवी. ती दीड ओहमची निघाली असेल आणि तशीच ठेवून मॉड्यूल लावलंत, तर जे पॉइंटचं झालं तेच मॉड्यूलचं होईल, फक्त एका दणक्यात.

बसवायचं काम अवघड नाही, सावकाशीचं आहे. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर, कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा. रोटरचं तोंड जिथे आहे तिथे डिस्ट्रिब्यूटरच्या कडेला रंगाची खूण करा. प्लेटच्या भोवती फडकं कोंबा, कारण ते मसुराएवढे स्क्रू हमखास आत पडतात आणि मग अख्खा डिस्ट्रिब्यूटर उतरवावा लागतो. पॉइंट आणि कंडेन्सर काढा, प्लेट पेट्रोलने पुसा, मॉड्यूल बसवा. चुंबक आणि सेन्सर यांच्यातलं अंतर सोबत आलेल्या प्लास्टिकच्या पट्टीने लावा, लोखंडी फिलर गेजने नाही, ते चुंबकाला चिकटून फसवतं. लाल वायर कॉईलच्या पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. बॅलास्ट असेल तर लाल वायर बॅलास्टच्या आधी, चावीकडच्या बाजूला, म्हणजे मॉड्यूलला पूर्ण बारा व्होल्ट मिळतील. वायर फिरत्या रोटरला घासत नाही ना, हे कॅप लावण्यापूर्वी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बघा.

आणि टायमिंग पुन्हा लावा. पॉइंट जिथे उघडायचे बरोबर तिथेच चुंबक सेन्सरसमोर येईल असं नाही. बल्ब लावून बंद इंजिनवर टायमिंग पाहायची मिस्त्रींची जुनी रीत प्रत्येक मॉड्यूलवर चालत नाही. स्ट्रोब लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारी बत्ती, लागेल. साताऱ्यात जुन्या गॅरेजवाल्यांकडे विचारा, एखाद्याकडे धूळ खात पडलेली असेलच.

बसवल्यावर काही सवयी सोडाव्या लागतील. इंजिन बंद असताना चावी लावून टेप ऐकत बसायचं नाही. बॅटरीच्या वायरी उलट लागल्या तर मॉड्यूल त्याच क्षणी खलास, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवरून करंट घेताना दोनदा बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं मिस्त्रींना बजावून सांगा: चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल उपटून 'चार्जिंग होतंय का बघू' हा प्रयोग या गाडीवर पुन्हा करायचा नाही. बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळतं आणि पहिला बळी मॉड्यूलचा जातो. चार्जिंग मीटरने मोजतात. इंजिन रेस केल्यावर बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास यायला हवं. गाडीला अजून डायनॅमो असेल तर रात्री हेडलाइट लावून सिग्नलला उभं असताना किती व्होल्ट उरतात तेही बघा. पॉइंट अशक्त बॅटरीवरही कशीबशी ठिणगी टाकतात, पण सेल्फ मारताना व्होल्टेज नऊच्या खाली गेलं तर काही मॉड्यूल गप्प बसतात. बॅटरी चांगली ठेवणं आलं.

भाच्याच्या मनात पिकअप आणि ॲव्हरेजचे मनोरे असतील तर ते उतरवा. नीट लावलेले ताजे पॉइंट आणि मॉड्यूल यांत गाडी चालवणाऱ्याला फारसा फरक कळत नाही. फरक सहा महिन्यांनी कळतो, जेव्हा पॉइंटवाली गाडी पुन्हा कुरकुरते आणि ही कुरकुरत नाही. पीयूसीला एचसीचा (न जळलेल्या पेट्रोलचा) आकडा कमी येईल, कारण मिसिंग मारलेल्या सिलिंडरचं कच्चं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडणार नाही. सकाळचं स्टार्टिंग सुधारेल. एवढंच, आणि एवढं पुष्कळ झालं.

वडिलांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. पॉइंट आधी कुरकुरतात, मग दगा देतात. मॉड्यूल न सांगता जातं, आणि गेलं की घाटात त्याला कुणी काही करू शकत नाही. म्हणून जुनी प्लेट भंगारात द्यायची नाही. तिच्यावर चांगले पॉइंट आणि भरवशाचा कंडेन्सर आधीच लावून, पिशवीत बंद करून, स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेजसकट डिकीत ठेवायची. ही प्लेट वडिलांकडून सेट करून घ्या. चाळीस वर्षं त्यांनी ते केलंय, हात बसलेला आहे, आणि रस्त्यात वेळ आलीच तर वीसेक मिनिटांत गाडी पुन्हा पॉइंटवर येईल.

ओरिजिनलचा प्रश्न यातच सुटतो. मॉड्यूल कॅपच्या आत असतं, बाहेरून एक जादा वायर सोडली तर काही दिसत नाही, कुठे भोक पाडावं लागत नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद होण्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल चालत नाहीत. तुमची गाडी त्या वयाला २०३४ मध्ये पोहोचेल. तोपर्यंत मॉड्यूल वापरा, प्लेट जपा, आणि तेव्हा एखाद्या रॅलीत परीक्षकाने कॅप उघडायला लावली तर आदल्या रात्री पॉइंट चढवून ठेवा. विकायला काढलीत तर घेणाऱ्याला दोन्ही द्या. जाणकार गिऱ्हाईक त्यासाठी पैसे कमी करणार नाही.

चेतकला हे किट चालणार नाही. तिचं इग्निशन बॅटरीवर चालतच नाही, फ्लायव्हील मॅग्नेटोवर, म्हणजे फिरत्या चाकातल्या चुंबकांनी तयार होणाऱ्या करंटवर चालतं. पॉइंट फ्लायव्हीलच्या मागे असतात आणि त्याच्या खिडकीतून सेट करतात. तिला इलेक्ट्रॉनिक करायचं म्हणजे आतली कॉईलची प्लेट, फ्लायव्हील आणि सीडीआय युनिट (पॉइंटऐवजी ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असं सगळंच बदलावं लागतं. बजाजने पुढे स्वतः इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या स्कूटर काढल्या होत्या, त्यांचे भाग काही लोक बसवतात, पण क्रँकचा टेपर जुळतो का हे आधी मोजावं लागतं. तुमची चेतक वर्षातून चारदा गल्लीत फिरत असेल तर तिला पॉइंटवरच राहू द्या. फ्लायव्हील कधी उतरवाल तेव्हा मागचं ऑइल सील बदलून टाका. तिथून ऑइल झिरपून पॉइंटवर चढतं, आणि किक मारून मारून पाय दुखायला लागतात तेव्हा बहुतेक वेळा कारण तेच असतं.